आत्या होण्याची तयारी



आई होण्याच्या तयारीविषयीं पुष्कळ बोललें जातें, आणि तें योग्यच आहे. आजी होण्याची तयारी आमच्या बायका मुलाच्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशीं सुरू करतात. ती त्यांना कोणी शिकवावी लागत नाहीं. परंतु आत्या होण्याचीही एक तयारी असते, हें माझ्या लक्षांत येण्याला वयाचीं साठ वर्षें उलटावीं लागलीं. तें लक्षांत आणून दिलें माझ्या मुलीनें, आणि तेंही कांहीं न बोलतां.

आम्ही अलिबागच्या दक्षिणेस, नागांवच्या एका नारळीपोफळीच्या वाडींत राहतों. मुलगी बत्तीस वर्षांची, अविवाहित; अलिबागेस एका कचेरींत काम करते. सकाळच्या एस. टी.नें जाते, दिवेलागणीला परत येते. उरलेला वेळ तिच्या छंदांचा. हातांत क्रोशाची सुई असते. रविवारीं ओहोटीच्या वेळीं समुद्रावर जाऊन शिंपले वेंचते. आणि पावसाळा लागला कीं विहिरीवर झुकलेल्या शिंदीवरचीं सुगरणीचीं घरटीं मोजून वहींत मांडून ठेवते. ह्यांतून तिला एक पैसा मिळत नाहीं व कोणी शाबासकीही देत नाहीं. म्हणूनच त्यांना छंद म्हणावयाचें.

ज्येष्ठ महिन्यांत पुण्याहून मुलाचा फोन आला कीं सूनबाईंना तिसरा महिना लागला आहे. घरांत साखर वांटली. मुलगी फारसें बोलली नाहीं; परंतु त्याच आठवड्यांत मेजावर घालण्याचें तिचें जाळीदार विणकाम अर्धवट राहून गेलें आणि टोपलींत बारीक, मऊ, पांढरी लोकर दिसूं लागली. मग पाहतों तों सगळेच छंद एका दिशेला वळलेले. शिंपल्यांची माळ करून पाळण्याला टांगावी असें प्रथम तिच्या मनांत होतें. पुढें दोरा तुटला तर शिंपला बाळाच्या तोंडांत जाईल ह्या विचारानें तिनें तो बेत स्वतःच सोडला. पगारांतून दरमहा कांहीं पैसे एका डब्यांत बाजूला पडूं लागले. ते चांदीच्या वाळ्यांसाठीं. आणि रात्रीं जेवणें झाल्यावर आपल्या आत्याला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, फोन करून ती अंगाईगीतें विचारूं लागली व उतरून घेऊं लागली.

आतां प्रथम ‘आत्या’ ह्या शब्दाकडेच वळतों. मास्तरकीची खोड निवृत्तीनंतरही जात नाहीं. इंग्रजी भाषेंत आत्या, मावशी, काकू, मामी ह्या चौघींना मिळून ‘आँट’ हा एकच शब्द आहे. वस्तुतः तो शब्द ज्या लॅटिन भाषेंतून आला तिच्यांत बापाची बहीण ती ‘अमिता’ आणि आईची बहीण ती ‘मातेर्तेरा’, असा स्पष्ट भेद होता. ‘अमिता’चें फ्रेंचांच्या मार्फत ‘आँट’ झालें. तेव्हां इंग्रजांची आँट ही मुळांत आत्याच. गंमत अशी कीं त्यांचा ‘अंकल’ हा ‘अवुन्कुलुस’ ह्या शब्दावरून आलेला असून त्याचा अर्थ आईचा भाऊ. म्हणजे तो मुळांत मामा. इंग्रजांनीं आत्या आणि मामा तेवढे ठेवले आणि बाकीच्या सर्वांना त्यांच्या पंक्तीस बसवून टाकलें.

आपण तसें केलें नाहीं. ‘मावशी’ हा शब्द संस्कृत ‘मातृष्वसा’ ह्याचें सरळ अपत्य आहे. ‘आत्या’ मात्र कानडी ‘अत्ते’ ह्या शब्दाच्या शेजारीं जाऊन बसते. आणि कानडींत ‘अत्ते’ म्हणजे आत्याही आणि सासूही. ह्याचें कारण विवाहाच्या रूढींत आहे. मामाची मुलगी करण्याची चाल दक्षिणेंत आहे व महाराष्ट्रांतील पुष्कळ जातींतही होती. इरावतीबाई कर्वे ह्यांनीं भारतांतील आप्तसंबंधांवर १९५३ सालीं जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत ह्या विषयाचा विस्तारानें विचार आहे. मुलानें मामाची मुलगी केली कीं त्या मुलीची सासू ही तिची आत्याच झाली. ही चाल आतां मागें पडत चालली आहे, आणि डॉक्टर मंडळीही इतक्या जवळच्या नात्यांतील विवाह टाळावा असेंच सांगतात. परंतु भाषेंत तिची खूण राहून गेली आहे. आपल्या घरांतून सुना सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणत आणि खेड्यापाड्यांतून सासूला ‘आत्याबाई’ म्हणत, तें ह्यामुळेंच. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलें असतें, असें आपण थट्टेनें म्हणतों. पण ज्या बाईला मिशा नसतांनाही सासू म्हणावें लागे, तिचा दरारा त्या थट्टेंत लपलेला आहे, असें मला वाटतें.

हा शब्द पुढें किती दिवस वापरांत राहील, असा प्रश्नही अलीकडे मनांत येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ ह्या काळांतील पांचव्या फेरींत महाराष्ट्रांत दर स्त्रीमागें सरासरी १.७ मुलें, असा आंकडा आला आहे. आत्या होण्याला भाऊ हवा आणि आत्या मिळण्याला बापाला बहीण हवी. एकुलत्या एका मुलाच्या घरीं जन्मलेल्या बाळाला आत्या नाहीं. आणि एकुलती एक मुलगी कधीं आत्या होणार नाहीं. आमच्या शेजारींच असें एक घर आहे. तेथें बारशाला चुलत-चुलत आत्या शोधून ठाण्याहून आणावी लागली, आणि तिला पाळण्याजवळ उभें करण्यापूर्वीं आधीं तिची सर्वांशीं ओळख करून द्यावी लागली. तेव्हां ज्या घरांत सख्खी आत्या आहे, तेथें तिनें जरा मन लावून तयारी केली तर तें अस्थानीं नव्हे.

सुगरणीचा वर उल्लेख आला आहे, त्यावरून एक गोष्ट सांगतों. अलिबागच्या उत्तरेस किहीम म्हणून गांव आहे. तेथें १९३० सालीं सालिम अली ह्या विख्यात पक्षितज्ज्ञांनीं सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला. नर घरटें अर्धवट विणून ठेवतो, माद्या येऊन तें आंतबाहेर पारखतात, एखादीला पसंत पडलें कीं ती तें घेते, मग नर तें पुरें करतो, आणि तें झालें कीं दुसरें घरटें दुसरीसाठीं विणावयास घेतो, हें त्यांनीं तेथें नोंदवून ठेवलें. माझ्या मुलीची सुगरणीची वही किहीमच्या ह्याच गोष्टीवरून सुरू झाली. परंतु मला त्यांच्या चरित्रांतील दुसरीच बाब अधिक लक्षणीय वाटते. सालिम अली ह्यांचा जन्म १८९६ चा. वडील ते वर्षाचे असतां गेले आणि आई तीन वर्षांचे असतां. त्यांना वाढविलें मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या पत्नी हमीदा बेगम ह्यांनीं. हमीदा बेगम ह्यांना स्वतःचें मूल नव्हतें. इंग्रजी चरित्रांत त्यांना ‘आँट’ म्हटलें आहे. आपण मामी म्हणूं. नातें कोणतेंही म्हणा. ज्या बाईच्या कुशीला मूल नाहीं तिनें हें पोरकें मूल वाढविलें, आणि त्या मुलानें पुढें साऱ्या देशाला पक्षी पाहावयास शिकविलें.

पक्ष्यांतही ही चाल आढळते. आमच्या वाडींत पाचोळा उडवीत कलकलाट करणाऱ्या मातकट पक्ष्यांचा थवा असतो. त्यांना आपण सातभाई म्हणतों, इंग्रज सात बहिणी म्हणतात. पिलांना किडे भरविण्याचें काम त्यांच्यांत केवळ आईबाप करीत नाहींत. थव्यांतले इतरही, ज्यांचें स्वतःचें घरटें नाहीं असे, चोंचींत किडा घेऊन येतात. त्यांच्यांत काका किती आणि आत्या किती, हें दिसण्यावरून ओळखणें कठीण. इंग्रजी नांव ह्या बाबतींत अधिक न्यायाचें आहे कीं आपलें, तें श्रोत्यांनींच ठरवावें.

असो. आतां खऱ्या तयारीकडे येतों.

आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला जें कापडचोपड व वस्तू भेट म्हणून देतात त्याला बाळंतविडा म्हणतात. त्यांत झबलीं, टोपडीं, दुपटीं, लंगोट, खुळखुळा आणि कुंची असते. कुंची बहुतेक घरांत आत्येकडून यावयाची. बाळ जन्मण्यापूर्वीं कांहीं आणूं नये, असा आपल्या बायकांचा दंडक आहे. नव्या मंडळींना तो वेडगळ वाटतो. परंतु १९५० च्या सुमारास आपल्या देशांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं सुमारें दीडशें मुलें वर्षाच्या आंत दगावत असत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या दंडकाच्या मागचें भय कळतें. तयार कपडे घडी न मोडतां परत पेटींत ठेवण्याचा प्रसंग पुष्कळ घरांनीं पाहिला होता. २०२० सालच्या नमुना नोंदणीप्रमाणें हाच आंकडा देशांत २८ आणि महाराष्ट्रांत १६ वर आला. भय अगदीं गेलें नाहीं, पण पुष्कळ ओसरलें.

माझ्या बहिणीनें ह्या दंडकांतून पूर्वींच वाट काढून ठेवली होती, तीच तिनें भाचीला सांगितली. नवें कापड आणावयाचें नाहीं, जुनें वापरावयाचें. जुनें तें आणलेलें नव्हे, घरांतच होतें. शिवाय बाळाच्या अंगाला तेंच चांगलें, कारण अनेक धुण्यांनीं त्यांतली खळ निघून गेलेली असते आणि सूत मऊ पडलेलें असतें. माझ्या आईचें एक सुती नऊवारी लुगडें शिल्लक होतें, तें बाहेर निघालें. त्याचें गणित मला फार आवडलें. नऊ वारांपैकीं आठ वारांचे वाराचे आठ तुकडे. दोन दोन तुकडे एकावर एक ठेवून टाके घातले कीं चार दुहेरी दुपटीं. उरलेल्या एका वाराचे लंगोट. कांठ आधीं उसवून घ्यावयाचे, कारण ते ताठ असतात व टोंचतात. पण तेही वांया जात नाहींत, त्यांच्या नाड्या होतात. झबल्यांना गुंडी लावावयाची नाहीं, बंदच लावावयाचे; गुंडी तुटते आणि पोटांत जाते. चौथीच्या वर्गाला मी वीस वर्षें क्षेत्रफळ शिकविलें, पण हें उदाहरण मला कधीं सुचलें नाहीं.

कुंची ही निराळी विद्या आहे. ज्या श्रोत्यांनीं ती पाहिली नसेल त्यांच्यासाठीं सांगतों: टोपडें आणि पाठीवर रुळणारा पदर हीं एकाच कापडांत साधलेलीं असतात. डोकें, कान आणि मान झांकली जाते, हनुवटीखालीं बंद बांधले जातात, आणि मागचा भाग बाळाच्या पाठीवरून खालीं जातो. आमच्या किनाऱ्यावरच्या दमट वाऱ्यांत कान झांकण्याची ही युक्ति कोणा शहाण्या बाईनें काढली असली पाहिजे. बाहेरून खण किंवा रेशीम, आंतून मलमल. दोऱ्याची प्रत्येक गांठ दोन कापडांच्या मध्यें दडवावयाची, म्हणजे ती टाळूला लागत नाहीं. मुलीनें पहिली कुंची शिवली ती मापानें मोठी झाली. बहिणीनें फोनवर सांगितलें, नारळावर घालून पाहा. तेव्हांपासून आमच्या ओटीवर एक सोललेला नारळ कुंची घालून बसलेला असतो आणि टपालवाला त्याला रोज नमस्कार करतो.

परंतु शिवणकाम ही तयारीची एक बाजू झाली. दुसरी बाजू मुलीनें गांवच्या आरोग्यसेविकेकडून समजावून घेतली, आणि तींतील कांहीं गोष्टी आमच्या रूढींच्या अगदीं उलट आहेत. सोनें उगाळून मध चाटविणें हा पूर्वीं आत्येचा मान असे. आतां सांगतात कीं वर्ष पुरें होईपर्यंत मध मुळींच देऊं नये. त्यांत एका जंतूचीं बीजें असूं शकतात, तीं मोठ्यांना बाधत नाहींत पण अर्भकाच्या आंतड्यांत रुजून विष उत्पन्न करतात आणि बाळ लुळें पडतें. पहिले सहा महिने आईच्या दुधावांचून दुसरें कांहीं नको, पाणीसुद्धां नको. काजळांत शिसें असूं शकतें, म्हणून तेंही नको. बाळाला निजवितांना उताणें निजवावें, जवळ उशी किंवा सैल कापड ठेवूं नये. तेव्हां कुंची ही मिरविण्यापुरती, झोंपतांना काढून ठेवावयाची. आणि आत्याला खोकला असेल तर तिनें प्रेम आवरून दारांतूनच परत फिरावें. मोठ्या माणसाला ज्याची नुसती ढांस वाटते तो डांग्या खोकला तान्ह्या मुलाचा जीव घेऊं शकतो. मुलीनें हें सारें एका कागदावर लिहून आपल्या कपाटाच्या आंतल्या बाजूला चिकटविलें आहे. तिच्या आईला त्यांतलें मधाचें कलम अजून मान्य नाहीं. तिचें म्हणणें, आम्ही सगळीं मध चाटूनच वाढलों. जीं वाढलीं नाहींत तीं हें सांगावयास राहिलीं नाहींत, एवढेंच मीं तिला म्हटलें. त्या दिवशीं चहा उशिरा मिळाला.

आतां बारशाविषयीं. बहुधा बाराव्या दिवशीं पाळणा सजवितात. आधीं वरवंट्याला कुंची-दुपट्यांत गुंडाळून पाळण्याखालून-वरून देतात-घेतात, बायका पाळणे म्हणतात, मग बाळाला पाळण्यांत घालतात. नंतर आत्या वांकून बाळाच्या कानांत ‘कुर्रर्र’ करते आणि नांव सांगते, आणि भोंवतालच्या बायका तिच्या पाठींत धपाटे घालतात. सुंठवडा व घुगऱ्या वांटल्या जातात. माणसाचें नांव ह्या जगांत प्रथम उच्चारण्याचा मान आई, बाप किंवा उपाध्याय ह्यांचा नसून बापाच्या बहिणीचा आहे. लग्न होऊन ती दुसऱ्या घरची झाली, तरी ह्या एका क्षणापुरती माहेरची वंशावळ तिच्या ओठांवर असते.

येथें मला एक कबुली द्यावयाची आहे. आषाढांत एका संध्याकाळीं कुंचीला बंद लावतां लावतां मुलीनें विचारलें, “बाबा, माझें नांव माझ्या कानांत कोणीं सांगितलें?”

तें तिच्या आत्यानें सांगितलें नव्हतें. १९९३ सालीं मुलगी झाली तेव्हां ताईला वैधव्य येऊन तीन वर्षें झालीं होतीं. बाळंतविड्यांतलें प्रत्येक झबलें तिच्या हातचें होतें, आणि कुंची तर जांभळ्या खणाची, हिरव्या कांठाची, अशी कीं गांवांतल्या बायका पाहावयास येत. बारशाच्या सकाळीं वडीलधाऱ्या बायकांत कुजबुज झाली. कोणी ताईला जा म्हटलें नाहीं. कोणीतरी एवढेंच म्हणालें कीं सवाष्ण बघा. आणि नात्यांतली एक दूरची बहीण पुढें झाली. ताई आपणच स्वयंपाकघरांत गेली व घुगऱ्यांच्या पातेल्यापाशीं बसून राहिली. मी ओसरीवर होतों. शाळेंत मी त्याच आठवड्यांत सावित्रीबाई फुल्यांचा धडा शिकविला होता. मीं तोंडांतून शब्द काढला नाहीं. पुढें ह्याच ताईनें ह्या मुलीला सुई धरावयास शिकविलें, तापांत रात्री जागविल्या, आणि समुद्रावर पहिला शिंपलाही तिनेंच दाखविला. परंतु त्या सकाळचा विषय तिनें कधीं काढला नाहीं, आणि मींही नाहीं.

कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ह्या गांवच्या ग्रामपंचायतीनें मे २०२२ मध्यें विधवांच्या बांगड्या फोडणें, कुंकूं पुसणें इत्यादि प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यांत इतर ग्रामपंचायतींनींही तसें करावें असें राज्य सरकारनें परिपत्रक काढून सुचविलें. ती बातमी मीं वर्तमानपत्रांतून कापून ठेवली होती. कात्रण ठेवणें सोपें असतें.

मुलीला मीं सारें सांगितलें. ती बराच वेळ बंद शिवीत राहिली. मग म्हणाली, “ह्या वेळीं आत्या माझ्याबरोबर येईल.”

सूनबाईंचें माहेर श्रीवर्धनचें. पहिलें बाळंतपण तेथेंच होणार. मुलगी अविवाहित, बहीण विधवा. ह्या दोघी पाळण्याशीं उभ्या राहिल्या तर तेथें कोणी ‘सवाष्ण बघा’ म्हणणार नाहीं, ह्याची खात्री काय? म्हणून ह्या वेळीं कोणीं विचारण्यापूर्वीं मीच विहीणबाईंना फोन केला आणि सर्व हकीकत जशीच्या तशी सांगितली. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, दोघींनींही यावें. नांव एकीनें सांगावें, कुर्रर्र दोघींनीं करावें.” त्यांच्या घरांतल्या एका वृद्ध बाईंना हें पसंत नाहीं असें मागाहून कळलें. त्या बारशाला बसतील कीं नाहीं, हें अद्याप ठरलेलें नाहीं.

ताईचा मात्र निराळाच हट्ट. फोनवर म्हणाली, “मी येऊन काय करूं? येईन, घुगऱ्या शिजवीन.” त्यावर मुलीनें उत्तर दिलें, “घुगऱ्या बाबा शिजवतील.”

मार्गशीर्षाला अजून अवकाश आहे. मुलीनें रेवदंड्याचा पूल, साळाव, मुरूड, आगरदांडा, आणि तेथून खाडीपलीकडे दिघीला जाणाऱ्या बोटीच्या वेळा, असा सारा मार्ग वहींत मांडून ठेवला आहे. ट्रंकेंतून १९९३ ची जांभळी कुंची निघाली. खण शाबूत आहे, बंद तेवढे कुजले होते, ते आजीच्या लुगड्याच्या कांठाचे नवे लावले. नारळाच्या डोक्यावरून नवी कुंची उतरली आणि ही चढली. आणि मी दर रविवारीं रात्रीं हरभरे भिजत घालून सोमवारीं सकाळीं शिजवितों. पहिल्या खेपेस त्यांचें पिठलें झालें, दुसऱ्या खेपेस ते दातांना दाद देईनात. काल तिसरी खेप झाली. मुलगी डब्यांत घेऊन कचेरींत गेली आणि संध्याकाळीं रिकामा डबा घेऊन आली. परंतु मीठ कमी होतें, असें म्हणाली.